लोखंडी इंजिनाची बुलेट सांभाळायची कशी? आधी ऐका, मग पाना उचला

घाटाच्या कडेला उभी असलेली बुलेट आणि तिच्या शेजारी उकिडवा बसलेला मालक, हे चित्र महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. येणारा-जाणारा म्हणतो, "जुनी गाडी, दुसरं काय होणार!"

पण खरी गोष्ट वेगळी आहे. जुनी बुलेट वयामुळे क्वचितच बंद पडते. ती बंद पडते ती महिनाभर आधी ताणायची राहून गेलेल्या चेनमुळे, घासलेल्या पॉइंटमुळे, तडकलेल्या पेट्रोल पाइपमुळे. आणि बहुतेक वेळा तिने हे आधी सांगितलेलं असतं. आवाज बदललेला असतो, धुराचा रंग बदललेला असतो, मीटरचा काटा डावीकडे झुकलेला असतो. फक्त कुणी लक्ष दिलेलं नसतं.

दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे. गाडीने जरा कुरकुर केली की थेट इंजिन उघडायचं. जुन्या बुलेटचं जेवढं नुकसान रस्त्याने झालंय, तेवढंच गरज नसताना उघडलेल्या इंजिनांनी आणि जोर लावून पिळलेल्या बोल्टांनी केलंय.

म्हणून लांबच्या प्रवासाला जाणारी जुनी बुलेट सांभाळायची तर काय ऐकायचं, काय घरी करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे समजून घेऊया.

नेमकी कोणती बुलेट?

रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. स्वतंत्र भारताच्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, तेव्हा ३५० सीसीची बुलेट निवडली गेली. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जायचे, पुढे सगळी गाडीच इथे बनू लागली. रेडिचचा कारखाना बंद झाला, तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहाकडे आली.

या सगळ्या काळात बुलेटचं इंजिन मुळात तेच राहिलं. ३४६ सीसी, एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. म्हणून याला 'लोखंडी इंजिन' किंवा 'सीआय' म्हणतात. २०१०च्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले, हे इंजिन थांबलं आणि इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं नवं 'यूसीई' इंजिन सगळीकडे आलं. म्हणजे सगळ्यात नवी लोखंडी बुलेटसुद्धा आता पंधरा वर्षांच्या आसपास आहे.

ओळख सोपी आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. हेडलाइटच्या डोक्यावर अ‍ॅम्पिअर मीटर असतो आणि हँडलला डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी. शेवटच्या काही वर्षांत डाव्या पायाचा पाच गिअरचा बॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनही आलं. त्यामुळे आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघून घ्यावं. पुढची माहिती मुख्यतः चार गिअरच्या, पॉइंटवाल्या बुलेटची आहे.

गाडी काय सांगते?

मेकॅनिककडे जाण्याआधी चार गोष्टी कुणीही घरी तपासू शकतो.

पहिली गोष्ट आवाज. वरून येणारी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट सैल. थंड इंजिनात येणारा पोकळ खडखडाट गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पिस्टन थोडा घासलाय, पण घाई नाही. मात्र चढावर जोर पडल्यावर खालून जड 'ठक-ठक' येत असेल, तर तो बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा आवाज असू शकतो. त्या आवाजाने गाडी पुढे चालवायची नाही.

दुसरी गोष्ट धूर. सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, बहुधा रिंग घासल्यात. बरेच दिवस उभ्या गाडीने पहिल्या किकला निळा धूर सोडला आणि मग थांबला, तर घाबरायचं कारण नाही. त्याचं कारण पुढे येतंच. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सकाळी थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर ही नुसती वाफ असते.

तिसरी गोष्ट किकचा दाब. डीकॉम्प्रेसर न दाबता, इग्निशन बंद ठेवून किकवर हळूच वजन टाकून उभं राहा. किकने काही क्षण वजन पेललं पाहिजे. लगेच खाली गेली तर कॉम्प्रेशन गळतंय. पण त्याआधी टॅपेट आणि डीकॉम्प्रेसरची केबल जास्त घट्ट नाही ना ते बघा. नुसत्या घट्ट केबलमुळे इंजिन 'उतरलं' असं निदान झालेल्या गाड्या कमी नाहीत.

चौथी गोष्ट अ‍ॅम्पिअर मीटर. गाडी वेगात असताना काटा सतत उणेकडे राहत असेल, तर बॅटरी चार्ज होत नाहीये. दिवसा हे कळतही नाही. संध्याकाळी लाइट लावल्यावर तासाभरात गाडी मरते.

ऑइल: सगळ्यात जास्त गैरसमज इथेच

बुलेटचं इंजिन ऑइल क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असतं. एक पंप ते कप्प्यातून उचलून इंजिनाला देतो, दुसरा पंप खाली जमलेलं ऑइल परत वर पाठवतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कप्प्यातलं ऑइल हळूहळू खाली क्रँकमध्ये झिरपतं. बुलेटवाले याला 'वेट सम्पिंग' म्हणतात.

इथे नेहमीची चूक होते. मालक पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघतो, ऑइल कमी दिसतं, तो अर्धा लिटर ओततो. इंजिन सुरू झाल्यावर खालचं ऑइल परत कप्प्यात येतं आणि आता ते जास्त झालेलं असतं. मग ते ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं आणि गाडी ऑइल गळते म्हणून बदनाम होते. पहिल्या किकचा निळा धूरही याच झिरपलेल्या ऑइलचा.

नियम साधा आहे. आधी इंजिन पाच-सात मिनिटं चालवायचं, बंद करायचं, गाडी सरळ उभी करायची आणि मग डिपस्टिक बघायची.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावं. खाली एकापेक्षा जास्त ड्रेन बोल्ट असतात. एकच उघडला तर बरंच जुनं, काळं ऑइल आतच राहतं. फेल्टचा फिल्टर त्याच वेळी बदलावा. जुन्या इंजिनाला दर अडीच ते तीन हजार किलोमीटरला नवं ऑइल ही खर्चिक चैन नाही. या इंजिनाच्या बिग एंडला रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश असतो आणि तो सगळा ऑइलच्या पातळ थरावर टिकून असतो. ऑइल तुटलं की पहिला तोच जातो, आणि तो गेला की पूर्ण क्रँक उघडावा लागतो.

फिल्टर बदलल्यावर ऑइल वरपर्यंत पोचतंय का, तेही बघता येतं. इंजिन चालू असताना हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा वरचा बोल्ट किंचित सैल करा. थोड्या वेळात तिथे ऑइल पाझरायला हवं. दिसलं की बोल्ट परत बसवा. नाही दिसलं तर इंजिन लगेच बंद करा.

आणि गळती? गास्केट बदलण्याआधी ब्रीदर बघा. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा ब्रीदरच्या पाइपमधून बाहेर जाते. पाइपच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबर असतो, तो हवा बाहेर सोडतो पण आत घेत नाही. तो रबर कडक झाला किंवा पाइप चोंदला, की आतला दाब मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. तीनदा गास्केट बदलूनही न थांबलेली गळती हा स्वस्तातला रबर बदलून थांबते.

टॅपेट आणि पॉइंट: घरी करण्यासारखी दोन कामं

टॅपेट नेहमी पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी सेट करतात. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा धरा. हवा अंगठा ढकलू लागली म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. पिस्टन अगदी वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.

आता उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडा. दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. इथे फिलर गेजची गरज नसते, बोटांचा अंदाज पुरतो. लॉक नट घट्ट करताना सेटिंग हलतं, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा फिरवून बघा. टिकटिक नको म्हणून टॅपेट जास्त घट्ट ठेवले, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक चालेल, घट्टपणा चालणार नाही.

पॉइंटचं अंतर मात्र फिलर गेजनेच बघावं. पॉइंट पूर्ण उघडे असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. तोंडं काळी झाली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि नंतर स्वच्छ कागद मधून ओढून धूळ काढा. कॅमला टेकणाऱ्या तुकड्याला ग्रीसचा एक ठिपका पुरे. जास्त लावलं तर ते पॉइंटवर उडतं.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, तेव्हाही आधी संशय कंडेन्सरवर आणि कॉइलवर घ्यावा.

किक: ताकद नाही, पद्धत

बुलेटला किक मारायला पैलवान लागत नाही. इग्निशन चालू करा, किक हळूहळू दाबा. एका जागी ती अडते आणि पॉइंटवाल्या गाडीत मीटरचा काटा मध्ये येतो. डीकॉम्प्रेसर ओढून किक किंचितच पुढे न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. मग अ‍ॅक्सिलरेटर न पिळता एक सलग, पूर्ण किक.

किक उलटी मारत असेल तर सवय म्हणून सोडून देऊ नका. पायाचा घोटा मोडण्याइतका तो फटका जोरदार असतो. बहुतेक वेळा टायमिंग पुढे गेलेलं असतं, किंवा पॉइंटखालच्या ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडून वजनं अडकलेली असतात.

रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेट चिकटतात. सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किक मारल्या की त्या सुटतात आणि पहिला गिअर टाकताना 'खाड्' आवाज होत नाही.

पेट्रोल, कार्ब्युरेटर आणि उंच रस्ते

पेट्रोलच्या तक्रारी टाकीपासून सुरू होतात. टाकीला आतून गंज असेल तर कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करा, महिन्याभरात तो पुन्हा भरणार. पेट्रोल कॉकची जाळी आणि पारदर्शक पाइपमधला छोटा फिल्टर नियमित बघावा. जेट साफ करताना तार घालू नये, भोक मोठं होतं. हवेचा झोत पुरेसा असतो.

एक मजेशीर दोष ओळखून ठेवा. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर छान चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, थोडं थांबल्यावर पुन्हा चालते. अशा वेळी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. दुरुस्ती एका टाचणीची.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी बुलेट या इंधनासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर गंज वाढतो. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा तडकतात. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं पातळ होतं आणि कार्ब्युरेटर ते स्वतःहून सुधारत नाही. म्हणून पाइप दरवर्षी बदलावेत, प्लगचा रंग अधूनमधून बघावा आणि गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा. प्लग कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय.

लडाखला जाणाऱ्यांसाठी हाच रंग फार कामाचा. पाच हजार मीटरवर हवा विरळ असते, पेट्रोल मात्र तेवढंच येतं. गाडी काळा धूर सोडते, ओढत नाही. तेव्हा कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर बसवतात, म्हणजे सुई खाली जाऊन पेट्रोल कमी होतं. पण खाली उतरल्यावर ती आठवणीने पुन्हा जागेवर आणायची. मैदानात तशीच ताणली तर पातळ मिश्रणाने पिस्टन जाम होऊ शकतो.

क्लच, चेन आणि थरथर

डाव्या बाजूच्या केसमध्ये प्रायमरी चेन आणि क्लच असतो. तिथलं ऑइल वेगळं असतं आणि ते विसरलं जातं. चुकीचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो. क्लच घसरू लागल्यास प्लेट बदलण्याआधी केबलला थोडा मोकळेपणा आहे का ते बघा.

मागची चेन साधारण अडीच सेंटीमीटर वर-खाली हलावी. चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि माप तिथे घ्या. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर क्लिप उडते आणि चेन तुटून केस फोडू शकते.

बुलेटच्या थरथरीने नट-बोल्ट सैल होतात, हे खरंच. म्हणून दर पाचशे किलोमीटरला इंजिन माउंटिंग, हेड स्टेडी, मडगार्ड, कॅरिअर आणि नंबर प्लेट हाताने चाचपून बघावी. पण सैल होतात म्हणून जीव खाऊन पिळायचं नाही. केस अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे निघून येतात. शिवाय जुन्या बुलेटमध्ये इंग्लिश आणि मेट्रिक असे दोन्ही मापांचे बोल्ट असतात. जवळपास बसणारा पाना लावला की बोल्टाची डोकी गोल होतात. योग्य मापाचा पाना मिळेपर्यंत थांबणं स्वस्त पडतं.

ब्रेक आणि टायर: इथे तडजोड नको

इंजिन बंद पडलं तर प्रवास थांबतो. ब्रेक कमी पडला तर माणूस जातो. तरीही जुन्या गाडीवरचा सगळा पैसा इंजिनावर आणि क्रोमवर खर्च होतो.

जुन्या बुलेटला दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात. आजच्या डिस्कसारखे ते कधीच लागणार नाहीत, पण नीट सेट केलेला ड्रम पुरेसा थांबवतो. दरवर्षी चाक काढून लायनर बघा. लायनरवर काचेसारखी चमक आली असेल, तर पॉलिश पेपरने खरवडून काढा. ऑइल किंवा ग्रीस लागलेला लायनर धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरची दांडी आणि रॉड किंवा केबल यांच्यात साधारण काटकोन झाला पाहिजे, तेव्हा जोर पूर्ण लागतो. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पावसात पाण्यातून गेल्यावर ड्रम भिजतो आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. हलका दाब ठेवून थोडं अंतर गेलं की तो वाळतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरायचं. सलग दाबलेला ड्रम तापून निकामी होतो.

टायरची जाळी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. बाजूला चार आकडी शिक्का असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. ढिल्या स्पोक, हँडलचे बेअरिंग आणि मागच्या फोर्कचे बुशही त्याच दिवशी तपासावेत. साठच्या वेगात गाडीचं मागचं अंग डुलत असेल तर दोष रस्त्याचा नाही, बुशचा आहे.

रस्त्यात बंद पडली तर?

क्रम ठरलेला ठेवा. घाबरून एकदम चार गोष्टी उघडल्या तर मूळ दोष सापडतच नाही.

- आधी पेट्रोल: टाकीत आहे का, कॉक चालू आहे का, पाइप काढल्यावर धार येते का.
- मग करंट: प्लग काढून कॅपमध्ये लावा, इंजिनाला टेकवून किक मारा, ठिणगी बघा. हे करताना आसपास सांडलेलं पेट्रोल नको.
- ठिणगी नसेल तर फ्यूज, बॅटरीची टोकं, अर्थची वायर, मग पॉइंट आणि कंडेन्सर.
- पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी सुरू होत नाही: प्लग ओला आहे का बघा. ओला असेल तर पुसा, कॉक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किक मारा.
- सगळं ठीक असूनही किकला दाब नाही: टॅपेट आणि डीकॉम्प्रेसर.

चालत्या गाडीची ताकद अचानक कमी होऊन इंजिन आवळल्यासारखं वाटलं, तर ताबडतोब क्लच दाबा आणि बाजूला घ्या. इंजिन जाम होतंय. पाणी ओतू नका. सावलीत अर्धा-पाऊण तास थांबा, ऑइल तपासा आणि मग हलक्या हाताने पुढे जा.

इंजिन कधी उघडायचं?

तीन कारणं पुरेशी आहेत: सतत निळा धूर आणि ऑइल पिणं, टॅपेट ठीक असूनही गेलेलं कॉम्प्रेशन, किंवा खालून येणारी ठक-ठक. 'बरीच वर्षं उघडलं नाही' हे कारण नाही. जुळून बसलेले भाग सुटे केले की ते पुन्हा तसेच बसतील याची खात्री नसते.

उघडायचंच ठरलं तर बोअर आणि पिस्टनचं माप घ्यायला लावा. लेथवाल्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नये, कारण फट त्या पिस्टनच्या मापाने ठेवायची असते. काढलेले भाग परत मागून घ्या. बोअर नवा केल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी ताणायची नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रखडवायची नाही आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं.

पार्ट पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत अजून मिळतात. अडचण नकलीची आहे. पॉइंट, कंडेन्सर, ऑइल पंप, व्हॉल्व्ह आणि ब्रेक लायनर यांत स्वस्त माल घेऊ नये. जुना मूळ पार्ट चालू असेल तर तो नव्या नकली पार्टपेक्षा बरा.

आणखी एक गोष्ट हळूहळू दुर्मीळ होतेय, ती म्हणजे नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे जुने मिस्त्री. असा मिस्त्री गावात असेल तर काम देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसा आणि बघा. दुरुस्तीचं पुस्तक वाचून पुशरॉड किती सैल हवा हे कळतं, बोटाला ते एकदाच कुणीतरी दाखवावं लागतं.

किती किलोमीटरला काय?

गाडीचं मूळ पुस्तक असेल तर त्यातले आकडे प्रमाण. नसेल तर हा क्रम चालतो.

- निघण्याआधी रोज: टायरची हवा, ब्रेक, लाइट, चेन, गळती.
- दर ५०० किलोमीटर: नट-बोल्ट, चेन साफ करून ऑइल, बॅटरीचं पाणी, इंजिन ऑइलची पातळी.
- दर १५०० किलोमीटर: टॅपेट, पॉइंट, प्लग, केबलला ऑइल, क्लचचं सेटिंग.
- दर ३००० किलोमीटर: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्रायमरी केस आणि गिअरबॉक्सची पातळी.
- दरवर्षी, पावसाळ्याआधी: ब्रेक उघडून बघणं, पेट्रोल पाइप, ब्रीदरचा रबर, वायरिंगचे सांधे, चाकांचं ग्रीस.

लांबच्या प्रवासाच्या पिशवीत एवढं असावं: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जुळवलेला पॉइंट आणि कंडेन्सर, प्लग, चेन लॉक, ट्यूब, फ्यूज, बल्ब, थोडी वायर आणि चिकटपट्टी, एक लिटर ऑइल आणि गाडीला बसणारे पाने. नवीन केबल जुन्या केबलच्या बाजूनेच आधी ओढून ठेवली, तर तुटल्यावर पाच मिनिटांत जोडता येते. मोठी दुरुस्ती मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. काम झाल्यावर किमान शंभर-दोनशे किलोमीटर घराजवळ चालवून बघा.

कागदपत्रांचं काय?

पंधरा वर्षं झाली की आरसीची मुदत संपते. गाडी लगेच भंगारात जात नाही. आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यासाठी फॉर्म २५ असतो आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क वेळोवेळी बदलतं आणि महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. अशा जुन्या गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांची असते. ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही.

इंजिन किंवा चेसिस नंबर खरवडलेली, किंवा आरसीशी न जुळणारी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. आणि फटाके फोडणारा सायलेन्सर तर नकोच. दंड होतो तो वेगळाच, कार्ब्युरेटरचं सेटिंगही त्याने बिघडतं आणि इंजिनाचे जे आवाज ऐकायचे तेच त्यात बुडून जातात.

शेवटी एक स्वस्त सवय. शंभर पानी वही घ्या आणि त्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय आवाज येत होता एवढं लिहा. वर्षभरात ती वही कुठल्याही मेकॅनिकपेक्षा तुमची गाडी जास्त ओळखू लागेल. गाडी विकली तर किल्लीसोबत ती वहीही द्या.